डाऊनस्विंग: शरीर आधी की हात आधी? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगतो, मी कोच नाही. पुण्यात १४ वर्षं गोल्फ खेळतोय, हँडिकॅप (कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) १३ च्या आसपास घुटमळतो, वर जात नाही खाली येत नाही, आणि या १४ मधली निदान ५ वर्षं डाऊनस्विंग नावाच्या, म्हणजे वर नेलेला क्लब (गोल्फची काठी) खाली बॉलवर आणायच्या, पाव सेकंदाने खाल्लीत. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, लोक तेच तेच विचारतात म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. उत्तरं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत, डावखुऱ्यांनी डावं उजवं उलटं करून वाचा.

डाऊनस्विंग नक्की सुरू कुठे होतो? टॉपला, म्हणजे क्लब सगळ्यात वर असताना, थांबून मग खाली यायचं ना?

नाही, आणि निम्मा घोळ इथेच आहे. चांगल्या खेळाडूचा क्लब अजून वर चाललेला असतो तेव्हाच त्याचं वजन डाव्या पायाकडे परत यायला लागलेलं असतं, म्हणजे वरचा भाग मागे जातोय आणि खालचा पुढे निघालाय, दोन्ही एकाच वेळी. बॅकस्विंगला, म्हणजे क्लब मागे वर न्यायला, साधारण पाऊण सेकंद लागतो आणि डाऊनस्विंगला पाव, प्रो लोकांचं हे ३ ला १ चं गणित बऱ्यापैकी सारखंच सापडतं. आता पाव सेकंदात डोक्याने विचार करून "अरे कोपर आत घे" असं काही होत नाही हो. डोळ्याने बघून हात हलवायलाच माणसाला जवळपास तेवढा वेळ लागतो. म्हणून जे काय करायचं ते टॉपच्या आधीच ठरलेलं पाहिजे. खाली येताना दुरुस्ती करू म्हणणं म्हणजे पीएमटी सुटल्यावर पळत स्टॉपवर जाणं.

मग पहिलं काय हलतं?

क्रम असा: आधी हिप्स, मग छाती, मग डावा हात, शेवटी क्लब. सेन्सर लावून मोजलं तर चांगल्या खेळाडूंमध्ये वेगाचे चार डोंगर एकामागून एक दिसतात, प्रत्येक पुढचा आधीच्यापेक्षा उंच. पण लोक एक गोष्ट विसरतात, की प्रत्येक भाग आपला वेग गाठला की मंद होतो. हिप्स ब्रेक मारतात म्हणून छाती सुटते, छाती मंदावते म्हणून हात सुटतो, हात मंदावतो म्हणून क्लब सुटतो.

पटत नसेल तर धुतलेला टॉवेल दोरीवर टाकायच्या आधी झटकून बघा. फट् असा आवाज कधी येतो? हात पुढे जाऊन खटकन थांबतो तेव्हा. हात शेवटपर्यंत ओढतच राहिला तर टॉवेल नुसता गपगुमान मागून येतो, पाणीसुद्धा उडत नाही. आपण बहुतेक जण गोल्फमध्ये तेच करतो, जोर लावून शेवटपर्यंत ओढतो आणि मग म्हणतो डिस्टन्स मिळत नाही. पीजीए टूर या अमेरिकेतल्या प्रो स्पर्धांमध्ये ड्रायव्हरच्या (लांब फटक्याचा क्लब) डोक्याचा सरासरी वेग ताशी १८५ किमीच्या आसपास आहे आणि त्यातले कित्येक जण अंगाने आपल्यासारखेच आहेत, सगळेच काही पैलवान नाहीत.

हिप्स आधी फिरवा असं सगळे सांगतात. मी फिरवतो, तरी स्लाइस (उजवीकडे वळणारा बॉल) जातोय. का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून लांबण लावणारे.

गोल्फरचे दोन गट असतात. पहिल्याचे हात शरीराच्या पुढे पळतात, दुसऱ्याचं शरीर हातांच्या पुढे पळतं. एकाचं औषध दुसऱ्याला विष आहे. आणि टिप देणारा बऱ्याचदा स्वतःच्या आजाराचं औषध तुम्हाला देत असतो. जुन्या काळचा दिग्गज खेळाडू बेन होगन याने १९५७ मध्येच लिहून ठेवलंय की डाऊनस्विंगची सुरुवात हिप्स डावीकडे वळवून करायची, पण हा माणूस अर्धं करिअर हुकशी (डावीकडे जास्त वळणाऱ्या बॉलशी) भांडत होता हे कुणी सांगत नाही. हुकवाल्याचा उपाय स्लाइसवाला घेतो आणि बसतो बोंबलत.

मी स्वतः हे भोगलंय. एका कोचने सांगितलं हिप्स जोरात उघडा, मी तीन महिने उघडले, अगदी मनापासून. मी मुळात दुसऱ्या गटातला, माझं शरीर आधीच पुढे पळायचं. त्यात अजून पळवलं, हात राहिले मागे अडकून, आणि मग ते वेळेवर पोचायला मनगट गरागरा फिरवायचे. निकाल म्हणजे एक शॉट उजवीकडे झाडीत, पुढचा डावीकडे पाण्यात, आणि कंबरेला पट्टा.

तर आधी स्वतःचा गट ओळखा. रेंजच्या मॅटवर नाही, गवतावर ७ आयर्नने (मधल्या अंतराचा लोखंडी क्लब) दहा बॉल मारा आणि डिव्हट, म्हणजे क्लबने गवतात पडलेले खड्डे बघा, अगदी खाली वाकून बघा. डिव्हट टार्गेटच्या डावीकडे बोट दाखवतायत आणि बॉल एकतर सरळ डावीकडे जातोय नाहीतर डावीकडून निघून उजवीकडे वळतोय, तर तुम्ही पहिल्या गटात, हात आणि उजवा खांदा आधी येतोय. डिव्हट नाहीतच किंवा उथळ आणि उजवीकडे वळलेले, बॉल सरळ उजवीकडे (ब्लॉक) नाहीतर हुक, तर दुसऱ्या गटात, शरीर आधी पळतंय. आपल्याकडे पहिला गट खूप मोठा आहे, दहात सात आठ तरी असतील असा माझा रेंजवर बसून केलेला अंदाज.

पहिल्या गटासाठीही "फिरवा" हा शब्द धोक्याचाच आहे. टॉपवरून हिप्स नुसते जागच्या जागी फिरवले तर उजवा खांदाही त्यांच्याबरोबर बाहेर फेकला जातो. आधी वजन डावीकडे सरकलं पाहिजे, चार पाच सेंटीमीटर, जास्त नाही, आणि मग फिरणं. डाव्या पायाखाली संत्रं आहे ते चिरडायचंय असं समजा, आणि चिरडेपर्यंत पाठ टार्गेटकडेच ठेवा. इम्पॅक्टला, म्हणजे बॉल लागताना, प्रो लोकांचे हिप्स साधारण ४० अंश उघडलेले असतात आणि छाती त्याहून कमी. तुमचे हिप्स आणि छाती दोन्ही एकत्र उघडत असतील तर क्रम गेला.

ओव्हर द टॉप (हात आणि उजवा खांदा बाहेरून, वरून येऊन क्लब डावीकडे ओढला जाणं) होतंय हे कळतं पण थांबत नाही. मुळात होतं कशामुळे?

घाई, आणि ग्रिप. घाईचं सगळे बोलतात. आमच्या एका कॅडीचं (बॅग वाहणाऱ्या मदतनीसाचं) एकच वाक्य असायचं, "साहेब, हात आधी आला," चार तासांत वीस वेळा, आणि वीसही वेळा बरोबर.

पण ग्रिपचं कुणी बघत नाही. बॉल कुठल्या दिशेने निघणार हे मुख्यतः क्लबफेस, म्हणजे क्लबचा बॉलला लागणारा चपटा भाग, ठरवतो. फेस उघडा असेल तर बॉल उजवीकडे जातो, पाच सहा वेळा गेला की मेंदू आपोआप क्लब डावीकडे ओढायला लागतो, तुम्हाला न विचारता. म्हणजे ओव्हर द टॉप हा पुष्कळदा आजार नसून शरीराने केलेला जुगाड असतो. आणि फेस उघडा असताना डावीकडे ओढलं की स्लाइस अजून वाढतो, मग अजून ओढा, असं ते चक्र. म्हणून डाऊनस्विंगला हात घालायच्या आधी खाली बघा, डाव्या मुठीवरच्या बोटांच्या मुळाशी असलेल्या दोन ते तीन गाठी दिसतायत का. एकच दिसत असेल तर आधी ग्रिप दुरुस्त करा. माझ्या ओळखीत एकाचा निम्मा स्लाइस नुसत्या ग्रिपने गेला, डाऊनस्विंगला त्याने बोटही लावलं नाही.

हात मग काय करतात? नुसते लटकलेले ठेवायचे?

"हात विसरून जा, शरीराने मारा" हे अर्धसत्य आहे. असं कुणी करून बघितलं की क्लब मागे राहतो आणि आपण दुसऱ्या गटात जाऊन पडतो. हातांना काम आहे, फक्त ते पहिलं काम नाही.

सुरुवातीला हात खाली पडतात, म्हणजे छातीपासून लांब न जाता पडतात. डावा दंड छातीला चिकटलेला, उजवं कोपर बरगड्यांच्या पुढून उजव्या खिशाकडे येतं. पुढून हा शब्द महत्त्वाचा आहे. टीशर्टच्या बाजूची शिवण असते ना, कोपर त्या शिवणीच्या पुढे हवं. शिवणीच्या मागे अडकलं तर हात मागे राहिले, आणि कोपर अंगापासून लांब उडालं असेल तर तुम्ही वरून आलात. तळ्यात चपटा दगड टप्पे घेत जावा म्हणून आपण कसा मारतो, पाय पुढे पडतो, कोपर आधी येतं, तळवा आकाशाकडे, आणि दगड शेवटी सुटतो. उजव्या हाताची चाल तीच. लहानपणी दगड मारलेत त्यांना ही चाल शिकवावी लागत नाही, फक्त आठवण करून द्यावी लागते.

आणि हो, खाली कमरेच्या पुढे हात जोर लावू शकतात, लावायलाच पाहिजे. सगळा प्रश्न कधी लावायचा हा आहे.

लॅग, म्हणजे खाली येताना मनगटं वाकलेली आणि क्लब हातांच्या मागे, हा धरून ठेवायचा का? स्पेनचा प्रो सर्जिओ गार्सियाचा बघा ना.

धरू नका. लॅग धरून ठेवता येत नाही, तो मिळतो. क्रम नीट असला आणि मनगटं सैल असली की क्लब आपोआप मागे रेंगाळतो. मुद्दाम कोन धरून बसलं की इम्पॅक्टला फेस उघडा राहतो आणि बॉल उजवीकडे मेला. गार्सियाचं मनगट आणि आपलं मनगट यात फरक आहे एवढं मान्य करून टाका. याच्या उलट टॉपलाच मनगटं सोडून देणं, गळ टाकतो तसं, त्याला कास्टिंग म्हणतात, तेही हात आधी येण्याचंच भावंड.

प्रत्येक खराब शॉटनंतर सगळे म्हणतात "डोकं उठलं". खरंय का?

हे आपलं राष्ट्रीय निदान आहे. बॉलच्या डोक्यावर लागला (टॉप झाला), डोकं उठलं. बॉलच्या आधी जमिनीत लागला (फॅट झाला), तरी डोकं उठलं. अहो डोकं उठतं हे खरं, पण ते नुसतं आपोआप उठत नाही, खालून कुणीतरी उचलतं. डाऊनस्विंगमध्ये हिप्स बॉलकडे ढकलले गेले की कंबरेतला वाक जातो, माणूस उभा राहतो, आणि डोकं त्याच्याबरोबर वर जातं. हातांना जागा उरत नाही म्हणून मग मनगट फेकून काहीतरी भागवायचं. याचं नाव अर्ली एक्स्टेन्शन. डोकं दाबून धरून हे बरं होत नाही, उलट मान धरते.

उपाय बुडाशी आहे, शब्दशः. भिंतीला पाठ करून स्टान्स घ्या, बूड भिंतीला जेमतेम टेकलेलं, क्लब नको, हात छातीवर दुमडा. बॅकस्विंगला उजवा कुल्ला भिंतीला घासला पाहिजे, खाली येताना हळूहळू डावा. दोन्ही कुल्ले भिंत सोडून पुढे आले तर सापडला चोर. घरात करा, फुकट आहे, फक्त भिंतीवर फोटो फ्रेम नसावी हे मी अनुभवाने सांगतोय.

चिकन विंग?

बॉल लागल्यावर डावं कोपर बाहेर वाकतं ते. तो परिणाम आहे, कारण नाही. छाती फिरायची थांबली किंवा आपण वरून आलो की कोपर वाकल्याशिवाय क्लबला जागाच मिळत नाही. वरचं नीट करा, हे आपोआप कमी होतं.

क्रिकेट खेळल्यामुळे स्विंग बिघडतो का?

अर्धा बिघडतो, अर्धा सुधारतो. बिघडतो कारण बॅटची ग्रिप घेऊन आपण येतो, फेस सरळ धरायची सवय असते, आणि पूल मारताना उजव्या हाताने ओढतो ती ओढ इथे थेट ओव्हर द टॉप होते.

पण फ्रंट फूट ड्राइव्ह आठवा. पाय आधी पडतो, वजन त्यावर जातं, आणि मग बॅट खाली येते. बॅट आधी आणि पाय नंतर असं झालं तर स्लिपमध्ये कॅच, लहानपणी मैदानावरच्या सरांनी यावरून कान पिळलेत. डाऊनस्विंगचा क्रम तोच आहे. कोच लोक स्टेप ड्रिल म्हणून जे शिकवतात ते आपल्या भाषेत पाय टाकून ड्राइव्ह मारणंच आहे: पाय जुळवून उभे राहा, बॅकस्विंग घ्या, क्लब वर पोचायच्या आत डावा पाय टार्गेटकडे टाका, आणि मग मारा. पहिले दहा बॉल कुठेही जातील, हसू येईल, पण अकराव्याला एकदम कळतं की अरे हा मी मारलाच नाही, हा गेला. जुना दिग्गज जॅक निकलॉस बॅकस्विंगला डावी टाच उचलायचा आणि ती परत जमिनीवर ठेवून डाऊनस्विंग सुरू करायचा, त्यातही हाच पाय टाकणं दडलेलं आहे.

ड्रिल कुठले करू? यूट्यूबवर हजार आहेत.

गट बघून दोनच घ्या.

हात आधी येणाऱ्यांनी स्टेप ड्रिल आणि पंप. पंप म्हणजे टॉपला जायचं, डाव्या पायावर दाबत हात कमरेपर्यंत आणायचे, परत वर, परत खाली, तिसऱ्यांदा सोडून द्यायचं. पहिल्या दोन पंपांना कोपर शिवणीपुढे आलं का हे स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं, हा त्याचा फायदा.

शरीर आधी पळणाऱ्यांनी यातलं स्टेप ड्रिल करू नका, अजून पळाल. तुम्ही दोन्ही पाय जवळ ठेवून अर्ध्या स्विंगचे बॉल मारा. पाय जवळ असले की शरीराला पळायला वावच नसतो, पळालात तर पडाल. आणि दोन्ही काखांत एक नॅपकिन आडवा धरा, छातीवरून, ९ आयर्नने पन्नास साठ मीटरचे शॉट. शरीर पळालं की मागच्या काखेतून नॅपकिन सटकतो. पूर्ण स्विंगला ही ड्रिल करू नका, पूर्ण स्विंगमध्ये उजवी काख थोडी उघडणारच.

दोघांसाठी एक: क्लब उलटा धरा, शाफ्टच्या डोक्याकडून, आणि हवेत फिरवा. सूं असा आवाज बॉलच्या जागेनंतर, डाव्या बाजूला आला पाहिजे. उजव्या खांद्यापाशीच आला तर सगळी ताकद वरच उधळली. पॅसेजमध्ये करता येतं, फक्त घरचे "आता हे काय नवीन" म्हणून बघतात.

आयर्न बरे जातात, ड्रायव्हरच वाट लावतो. ड्रायव्हरचा डाऊनस्विंग वेगळा असतो का?

क्रम तोच. पण बॉल पुढे, डाव्या टाचेजवळ असतो, त्यामुळे क्लब तिथे पोचेपर्यंत आधीच डावीकडे वळायला लागलेला असतो, आणि लॉफ्ट (क्लबफेसचा मागे कललेला कोन) कमी म्हणून वळण जास्त दिसतं. ७ आयर्न तुमची जी चूक पोटात घालतो तीच ड्रायव्हर चव्हाट्यावर आणतो. सेटअपला उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली ठेवा आणि खाली येताना छाती बॉलच्या मागेच राहू दे. आयर्नने प्रो लोक बॉलवर खाली मारतात, ७ आयर्नला ४ अंशांच्या आसपास, ड्रायव्हरला तसं दाबायची गरज नाही.

वय ५५, पोट पुढे, कंबर आखडलेली. हे सगळं जमेल का?

जमेल, पण प्रोची नक्कल करू नका. गोल्फरच्या दुखण्यांत कंबर सगळ्यात वर असते आणि त्याला एक कारण हेच, की हिप्स फिरत नाहीत म्हणून कंबर फिरवली जाते. डावा पंजा २० ते ३० अंश बाहेर वळवून उभे राहा, फॉलोथ्रूला डावं हिप सहज फिरतं. बॅकस्विंगला डावी टाच उचलली तरी चालेल, छोटा बॅकस्विंग घेतला तरी चालेल. आणि रोज गोळी घेऊन खेळत असाल तर आधी डॉक्टर, मग ड्रिल.

व्हिडिओ कसा काढू?

स्लो मोशन, सेकंदाला २४० फ्रेम. फोन हातांच्या उंचीवर, मागून, हातांच्या रेषेत. खाली ठेवून वर तिरका घेतला तर स्विंग आहे त्यापेक्षा वेगळाच दिसतो, उगाच झोप उडते. तीनच फ्रेम बघा: टॉप, डावा हात जमिनीला समांतर आला तेव्हा, आणि इम्पॅक्ट. मधल्या फ्रेममध्ये शिवण आणि कोपर, इम्पॅक्टला बूड मागच्या रेषेवर आहे की सुटलं. बाकी काही बघू नका, नाहीतर रात्री दोन वाजेपर्यंत स्वतःचा व्हिडिओ आणि प्रो खेळाडू रोरी मॅकिलरॉयचा व्हिडिओ शेजारी शेजारी लावून बसाल. बसलोय मी.

पण स्विंग दिसायला सुंदर हवा ना?

अमेरिकन प्रो जिम फ्युरिकचा बघा. क्लब वर कुठे जातो, खाली कुठून येतो, देवाला ठाऊक. त्याच फ्युरिकने २००३ मध्ये यूएस ओपन जिंकलं आणि २०१६ मध्ये पीजीए टूरवर ५८ फटक्यांचा राउंड टाकला. वर काहीही असो, शेवटच्या अर्ध्या मीटरमध्ये त्याचं शरीर आणि हात जिथे हवेत तिथे असतात.

रेंजवर मस्त लागतो, कोर्सवर पहिल्या टीपासून (पहिला फटका मारायच्या जागेपासून) बोंब. का?

एक तर मॅट खोटं बोलते. बॉलच्या दोन इंच मागे मारलं तरी क्लब घसरून बॉल उडतो, आवाजही छान येतो, गवतावर तेच मारलं की रताळं खणल्यासारखा ढेकूळ निघतो आणि बॉल वीस मीटर. पावसाळ्यात तर विचारूच नका. मॅटवर बॉलच्या दहा सेंटीमीटर मागे नॅपकिनची घडी ठेवा, घडीला लागला तर तो शॉट मोजू नका.

दुसरं म्हणजे कोर्सवर बॉल दिसला की हात वळवळतात. प्रॅक्टिस स्विंग निवांत आणि खरा स्विंग गणपतीच्या शेवटच्या दिवशीच्या ढोलासारखा. मी पहिल्या टीवर आता एकच करतो, डाव्या पायाच्या अंगठ्याने बुटात आतून एकदा दाबून बघतो की वजन कुठे जायचंय, आणि मारतो. स्विंगचा दुसरा कुठलाही विचार १८ होल होईपर्यंत बंद. जमतं असं नाही. गेल्या रविवारी सातव्या होलला परत हात आधी आला, आणि मागून कॅडीने तेच वाक्य म्हटलं.